नऊ नंबरच्या खांद्यावरची शाल

सिडनीहून परतल्यापासून पेठेत जो भेटतो तो पहिल्यांदा हेच विचारतो, "सर, कांगारू बघितला का?" बघितला बाबांनो. कुंपणापलीकडे गवत खात बसला होता. माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत खायला लागला, संपला कांगारू. ऑपेरा हाउसही बघितलं, बाहेरून. पण तिथं मला खरं काय घडलं हे सांगायचं तर एका ब्राझिलियन सेंटर फॉरवर्डपासून सुरुवात करावी लागते, आणि चहा संपेपर्यंत ते सांगून होत नाही. म्हणून लिहून काढतोय.

मी कोल्हापूरचा. शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालो आणि सुट्टीच्या दिवशी रेफ्री म्हणून शिट्टी वाजवली. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात, आणि दोन पेठांची मॅच सुटली की रेफ्रीला पोलीस मागच्या दारानं बाहेर काढतात. म्हणजे मी काही साधा प्रेक्षक नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. धाकटा सुमीत सिडनीला मास्टर्स करायला गेलेला. त्याचा पदवीदान समारंभ होता, म्हणून त्यानं बोलावून घेतलं. त्याची आई थोरलीच्या बाळंतपणात अडकलेली, तेव्हा मी एकटाच निघालो. हिनं बॅगेत भडंग, शेंगदाण्याची चटणी, रश्श्याचा मसाला आणि एक शाल कोंबली.

"शाल कशाला?" मी म्हटलं.

"परक्या मुलखात चाललाय. कुणाचा मान करायची वेळ आली तर हात हलवत उभं राहणार काय?"

ती शाल मला शाळेनं रिटायरमेंटच्या दिवशी घातलेली. चॉकलेटी रंगाची, सोनेरी काठाची. त्यानंतर घडीसुद्धा मोडली नव्हती. आपल्याकडं शाली अशाच फिरतात, एका सत्कारातून दुसऱ्या सत्कारात, आणि कुणी काही विचारत नाही.

ब्लॅकटाउन

सुमीत ब्लॅकटाउनला एका बैठ्या घरात पोरांबरोबर राहायचा. दारात बुटांचा हा ढीग. बाकीची पोरं पंजाबची आणि आंध्रची, सगळी शिकायला आलेली. सकाळी यूनीला म्हणजे युनिव्हर्सिटीत, आर्व्होला म्हणजे दुपारनंतर गोदामात नाही तर पेट्रोल पंपावर शिफ्टला. घरात माणसं भरपूर, पण एका वेळी दोघं भेटले तर नशीब. रस्त्यावर तर चिटपाखरू नाही. स्टेशनकडं गेलं की मात्र एकदम आपल्या गावात आल्यासारखं, भेंडी, कढीपत्ता, तांदळाची पोती, आणि दुकानदार हिंदीत विचारतो, "अंकल, नए आए हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आलो तर एक उंच, काळासावळा गडी कुकरमध्ये काळा घेवडा शिजवत उभा. कानशिलावर पांढरे केस. सुमीतनं सांगितलं होतं, मागच्या खोलीत ब्राझीलचा एक स्टुडंट राहतो, इंग्लिशच्या कोर्सला आहे. स्टुडंट म्हटल्यावर मी विशीतला पोरगा धरून चाललो होतो. हा तर आमच्या तालमीचा मॅनेजर शोभला असता.

मी फोनवर सुमीतला विचारत होतो, "अरे, मागच्या दाराची चावी कुठंय?" तसा हा गर्रकन वळला. "चावी?" म्हणाला, आणि खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. मी उडालोच. त्यांच्या पोर्तुगीज भाषेत चावीला जवळपास असंच म्हणतात म्हणे. मग काय, आम्ही दोघांनी ते स्वयंपाकघर पालथं घातलं. बटाटा, पाव, काजू, बालदी. एकेक वस्तू उचलायची आणि पोरांसारखं ओरडायचं.

त्याचं नाव एवाल्दो. कोल्हापुरात असता तर संध्याकाळच्या आत त्याचा वाल्डू झाला असता. मी कोल्हापूर म्हटल्यावर त्याला काही कळेना, पण गोव्याच्या जवळ म्हटल्यावर चेहरा खुलला. "गोवा! नुस्तें!" म्हणजे मासे. हा पठ्ठ्या गोव्यात एक सीझन खेळून गेला होता, आणि 'कितें' आणि 'बरें' अजून तोंडात होतं.

मग त्यानं टेबलावर आपली सगळी कारकीर्द मांडली. बटाटा म्हणजे त्याचं ब्राझीलमधलं गाव. कांदा म्हणजे पोर्तुगालची दुसरी डिव्हिजन. टोमॅटो सायप्रस, तिथला मालक एक दिवस गायब झाला. लसूण ओमान, मैदान इतकं तापायचं की बुटाचे तळवे सुटून यायचे. व्हिएतनामला मॅचच्या आधी क्लबमालकाची म्हातारी आई घरचं सूप घेऊन यायची, आणि न पिता मैदानात सोडायची नाही. मालदीवला बॉल जोरात मारला की समुद्रात. मी विचारलं, "एवढे क्लब सोडलेस, निरोप कसा द्यायचे रे?" त्याला प्रश्न कळेना. मी हार घालायची, टाळ्या वाजवायची खूण केली. तो हसला. म्हणाला, "नो, नो. ड्रायव्हर येतो. बॅग डिकीत. एअरपोर्ट."

आता तो सकाळी क्लासला जायचा, दुपारी सायकलवरून लोकांच्या घरी जेवणं पोचवायचा आणि संध्याकाळी जवळच्याच एका क्लबात प्रॅक्टिसला. तिथं नऊ नंबरची जर्सी घालायचा, म्हणजे सेंटर फॉरवर्डची. बायको आणि मुलगी लीव्हिया ब्राझीलला. मुलगी गोलकीपर, बापाला गोल करू देत नाही, असं सांगताना त्याची छाती फुगली होती. क्लबनं पुढच्या सीझनला ठेवून घेतलं तर दोघींना इकडं आणायचं. नाही ठेवलं तर परत जायचं, आणि फुटबॉलही संपला. "या वयात आता नवीन देश कोण देणार?" हे तो कुकरकडं बघत म्हणाला.

क्लबचं मैदान

रविवारी मी मॅचला गेलो. जाताना एका काळ्यापांढऱ्या पक्ष्यानं माझ्या डोक्यावर झडप घातली, टोपीच उडवली. घरटी करायच्या दिवसांत तिकडचे मॅगपाय असं करतात म्हणे. सुमीत म्हणाला, "नो वरीज अण्णा, तुम्ही अनोळखी दिसला त्याला." आयला, पक्षीसुद्धा व्हिसा विचारतात की काय!

मैदान म्हणजे कार्पेट. पण प्रेक्षक? घडीच्या खुर्च्या, थर्मास, कुत्री. कुणी शिव्या देत नाही, फटाके नाहीत, हलगी नाही. मॅच संपल्यावर दोन्ही संघ रेफ्रीशी हात मिळवून "थँक्स मेट" म्हणतात. मला भरून आलं. एवढ्या वर्षांत मला थँक्स म्हणणारा एकच भेटला होता, आणि तो ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता.

क्लबचा अध्यक्ष टोनी. धंद्यानं प्लंबर, आजोबा इटलीहून आलेले. पण अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसलेला मी त्याला एकदाही बघितला नाही. चुन्याच्या रेषा तो मारणार, जाळी तो बांधणार आणि सॉसेज भाजून, कांदा घालून, पावाच्या स्लाइसमध्ये गुंडाळून विकणारही तोच. आमच्या तालमीचे अध्यक्ष हे वाचत असतील अशी आशा आहे.

एवाल्दो पळण्यात कमी पडत होता, खोटं कशाला बोलू? तरणे डिफेंडर त्याला सहज मागं टाकत. पण बॉल जिथं पडणार तिथं हा आधीच जाऊन उभा. ही गोष्ट शिकवून येत नाही, मी जन्मभर शिकवायचा प्रयत्न केलाय. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर आला आणि यानं डोक्यानं असा काही ठेवला की मी उभं राहून ओरडलो, "नाद खुळा!" सगळं मैदान वळून माझ्याकडं बघायला लागलं. कुत्रीसुद्धा.

सॉसेज घेताना टोनीनं विचारलं, "तुम्ही रेफ्री होता ना? अजून एक वर्ष खेचेल का हा?"

"खेचेल," मी म्हटलं. "हंड्रेड परसेंट."

"बघू," टोनी म्हणाला. "सीझन संपला की ठरवतो."

कॅसल हिल

आता माझ्या पराक्रमाकडं येतो. कॅसल हिलला अभ्यंकर म्हणून मूळचे पुण्याचे गृहस्थ राहतात, पॅरामॅटाला बँकेत आयटीचं काम. तिथल्या मराठी मंडळाचे ते सेक्रेटरी. त्यांनी आम्हा बापलेकांना जेवायला बोलावलं. आळूची भाजी, मसालेभात, सगळं अगदी साग्रसंगीत. त्यांच्या मुलीला मी विचारलं, "बाळ, कितवीला आहेस?" तर ती म्हणाली, "इयर एट," आणि पुढचं सगळं इंग्लिशमध्येच. समजत सगळं होतं तिला, उत्तर तेवढं मराठीत येत नव्हतं.

जेवताना अभ्यंकर हवालदिल. मंडळाच्या मुलांचा क्रीडादिन होता आणि प्रमुख पाहुण्यांनी ऐनवेळी नाही म्हटलं होतं. "सर, तुम्ही खेळातले. सुचवा ना कोणी."

मी ताडकन म्हटलं, "ब्राझीलचा सेंटर फॉरवर्ड चालेल?"

न चालायला काय झालं? अभ्यंकरांनी वहिनींना तिथल्या तिथं श्रीफळ आणायला सांगितलं. शाल माझ्याकडं होतीच. फेटा बांधायला मी. पोरांना क्लबाची ओळख होईल म्हणून टोनीलाही बोलवा, हेही मीच सुचवलं. सुमीत म्हणत होता, "अण्णा, मॅच खेळणाऱ्या माणसाचा कसला सत्कार?" मी म्हटलं, "गप बस. माणसाचा मान केल्यानं कुणाचं वाईट होत नाही."

कार्यक्रम झकास झाला. दीप लागला, वंदना झाली, प्रास्ताविक झालं, पोरं कंटाळून खुर्च्यांखाली शिरली. पाहुण्यांना कळावं म्हणून अभ्यंकर इंग्लिशमध्ये बोलले आणि अगदी आपल्या पद्धतीनं बोलले. ब्राझीलपासून ब्लॅकटाउनपर्यंतचा प्रदीर्घ प्रवास, फुटबॉलची अखंड सेवा, कृतज्ञता, आणि शेवटी हात जोडून, त्यांचं पुढील आयुष्य सुखाचं, समाधानाचं आणि निरोगी जावो. आपल्याकडं सत्काराचं भाषण याच वाक्यावर उतरतं, मग सत्कारमूर्ती दहावी पास झालेली का असेना. मी फेटा बांधला, अभ्यंकरांनी शाल घातली, वहिनींनी नारळ दिला. सगळे उठून उभे राहिले.

एवाल्दो रडत होता. शालीची दोन्ही टोकं मुठीत धरून उभा होता. टोनी पुढं आला, त्याला मिठी मारली, त्याचेही डोळे ओले. मी मनात म्हटलं, गोऱ्या माणसालाही काळीज असतं हो.

पॅरामॅटा

दोन दिवसांनी पॅरामॅटाला सुमीतचा पदवीदान समारंभ. काळा झगा, चौकोनी टोपी. त्याचं नाव पुकारलं तेव्हा मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, ती सवय काही जात नाही. बाहेर येऊन फोटो काढत होतो, तेवढ्यात सुमीतनं फोन बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

"अण्णा, काय करून ठेवलंत हे?"

क्लबच्या पानावर फेटा बांधलेल्या एवाल्दोचा फोटो. खाली टोनीनं लिहिलेलं. एवाल्दो रिटायर होतोय, सगळ्या गोष्टींसाठी थँक यू, रविवारी शेवटची मॅच, सगळ्यांनी निरोप द्यायला या. त्या बिचाऱ्याचंही काय चुकलं? सगळे उभे राहिलेत, खांद्यावर कापड टाकलंय, माणूस रडतोय आणि दुसरा माणूस पुढच्या आयुष्याला शुभेच्छा देतोय. दुसरा काय अर्थ काढणार तो?

घरी आलो तर एवाल्दो टेबलाशी बसलेला. नारळ त्यानं केव्हाच फोडून माशाच्या कालवणात घातला होता. फोन माझ्याकडं सरकवून म्हणाला (शाळामास्तरला त्यांच्याकडं प्रोफेसरच म्हणतात), "प्रोफेसर, माझ्या नावापुढं थँक यू लिहिलंय. कुठल्याही क्लबात हे लिहिलं की ड्रायव्हर येतो."

लाज वाटली, सरळ सांगतो. आणि भीतीही वाटली, कारण ती शाल मी ओळखत होतो. शाळेनं ती माझ्या अंगावर घातली त्या दिवशी सगळे असेच उभे राहिले होते, टाळ्या अशाच वाजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं मैदानाच्या गेटवर गेलो, तर नवीन शिपायानं विचारलं, "काय काम होतं, काका?" मला ती शाल कधीच आवडली नव्हती. म्हणून तर तिची घडी मोडली नव्हती. आणि ती मी उचलून याच्या खांद्यावर टाकली, आणि वर फेटाही बांधला.

"टोनीशी मी बोलतो," मी म्हटलं.

रविवार

मॅचच्या आधी गाठलं टोनीला. सॉसेज उलटत होता. सुमीत भाषांतराला तयार होता, पण मी माझ्याच इंग्लिशमध्ये सुरुवात केली. "मिस्टर टोनी, एवाल्दो नो रिटायर. दॅट शाल, मिस्टेक. माय मिस्टेक."

टोनीचा चिमटा हवेत थांबला. "पण तुम्ही निरोप दिलात ना त्याला?"

"नो, नो. आमच्याकडं शाल कुणालाही घालतात. मला एकदा झाडं लावल्याबद्दल घातली. एकदा पाहुणे आले नाहीत, आणलेली शाल परत कशाला न्यायची, म्हणून घातली." हे सुमीतनं भाषांतर करून सांगितलं, मान खाली घालून.

टोनी खो खो हसला. मग हसणं थांबलं. "पण मेट, मी एका तरुण पोराशी बोललोय पुढच्या वर्षासाठी. मला वाटलं जागा रिकामी झाली."

"आज नुसतं बघा त्याच्याकडं," मी म्हटलं. "निरोप द्यायला म्हणून बघू नका. खेळाडू म्हणून बघा."

तो सॉसेज उलटत राहिला.

मॅच सुरू होताना दोन्ही संघ समोरासमोर दोन रांगा करून उभे राहिले, मधून एवाल्दोनं टाळ्यांच्या गजरात यायचं, अशी तिकडची मानवंदना. तो दारातून बाहेर आला, रांगा बघितल्या, क्षणभर थांबला. छातीवर हात ठेवून सगळ्यांना मान लववली. आणि मग रांगेत शिरलाच नाही. बाजूनं चालत गेला, कॉर्नरच्या झेंड्याला वळसा घातला आणि तिकडून मैदानात उतरला. टाळ्या हळूहळू थांबल्या. कुणाला काही कळेना. टोनीला कळलं असावं, कारण त्यानं गॅस बंद केला आणि रेषेजवळ येऊन उभा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, त्यानं गोल केला. नाही केला. एक खांबाला लागला, एक कीपरनं काढला. पाय जड झाले होते, दिसत होतं. मी नखं खात बसलो होतो. शेवटी शेवटी उंच बॉल आला, दोन डिफेंडर पाठीवर, यानं तो छातीवर झेलला, गादीवर पडावा तसा, आणि वळूनही न बघता मागं सोडला. मागून आलेल्या मिडफिल्डरनं नुसता पाय लावला. एक-शून्य. सगळी पोरं त्या मिडफिल्डरला सोडून एवाल्दोकडं पळाली. मी ओरडायच्या आत पलीकडून चार-दोन ऑस्ट्रेलियन पोरं ओरडली, "नॅड कुला!"

जाळी सोडवताना टोनी त्याच्याशी बोलला. मी जरा लांब उभा होतो, पण सुमीतनं ऐकून सांगितलं. पुढच्या वर्षी तरुण पोरगाही येणार. मॅच अर्धी अर्धी. शिवाय आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलींच्या टीमला शिकवायचं, त्याचे वेगळे पैसे. आणि ते निरोपाचं लिहिलेलं टोनी आजच पानावरून काढून टाकणार. एवाल्दोनं विचारलं, मुलींच्या टीमला गोलकीपर आहे का? टोनी म्हणाला, आहे, पण यथातथाच. तेव्हा तो जाळीतच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्या बाजूला गेलो नाही. माझंही तोंड बघण्यासारखं नव्हतं.

विमानतळ

मला सोडायला सुमीतबरोबर एवाल्दोही आला. माझी बॅग त्यानंच डिकीत टाकली. टाकताना हसून म्हणाला, "टुडे मी ड्रायव्हर." आत जायच्या वेळी पिशवीतून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. शाल. नीट घडी घातलेली.

मी म्हटलं, "अरे, दिलेली शाल परत घेत नाहीत. मला माफ कर, पण आता तुझी आहे ती."

तो म्हणाला, त्याच्या मोडक्या इंग्लिशमध्ये, सावकाश, "प्रोफेसर, एवढे देश झाले, पण माझ्यासाठी सगळे उठून उभे राहिले असं पहिल्यांदाच झालं. म्हणून मी त्या दिवशी रडलो. शाल छान आहे. पण अजून नको. तुमच्याकडं ठेवा. मी खरंच थांबेन तेव्हा फोन करीन. तेव्हा घाला."

घरी बॅग उघडल्यावर हिला शाल दिसली. "अहो, हीच ना ती? तिकडूनही परत आली?" मग म्हणाली, "बरंच झालं, पुढच्या महिन्यात देशमुख गुरुजींचा सत्कार आहे."

"हात लावायचा नाही," मी एवढ्या जोरात म्हटलं की ती बघतच राहिली. "ती एकाची ठेव आहे."

कपाटात वरच्या फळीवर डांबराच्या गोळ्या घालून ठेवलीय. एवाल्दोचा फोन अधूनमधून येतो. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं की पहिल्यांदा माझी नजर त्या फळीकडं जाते. परवाही फोन आला. कपाटाकडं बघतच उचलला, तर मैदान दिसलं, आणि गोलमध्ये हातमोजे घातलेली एक पोरगी. "प्रोफेसर, बघा, बघा!" म्हणत त्यानं फोन कुणाच्या तरी हातात दिला आणि स्वतः पेनल्टी मारली. पोरीनं अडवली. ती नाचायला लागली आणि हा डोक्याला हात लावून गवतात आडवा. बराच वेळ बोललो. शालीचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही.